निर्णयाची उंची : हवाई छत्री दगा देते तेव्हा

२४ मार्च १९४४ च्या रात्रीची गोष्ट. बर्लिनवर बॉम्बफेक करून इंग्लंडकडे परतणाऱ्या एका लँकेस्टर विमानावर जर्मन लढाऊ विमानाने गोळीबार केला आणि विमानाने पेट घेतला. विमानाच्या शेपटाकडील काचेच्या कोठडीत निकोलस अल्केमेड हा एकवीस वर्षांचा तोफची बसला होता. ती कोठडी इतकी चिंचोळी असे, की हवाई छत्री अंगावर बांधून तेथे बसणे शक्य नसे. छत्री मागे, विमानाच्या धडात ठेवावी लागे. विमान सोडण्याचा हुकूम मिळताच अल्केमेडने मागचे दार उघडले, तो त्याची छत्रीच जळताना दिसली. जळून मरण्यापेक्षा पडून मरणे बरे, असा विचार करून त्याने सुमारे १८,००० फुटांवरून, छत्रीवाचून, स्वतःला खाली झोकून दिले. वाटेत त्याची शुद्ध हरपली.

सुमारे तीन तासांनी तो जागा झाला तेव्हा तो बर्फात पडलेला होता आणि वर झाडांच्या फांद्यांतून चांदण्या दिसत होत्या. भाजल्याच्या जखमा आणि मुरगळलेला गुडघा यांपलीकडे मोठी इजा नव्हती. जर्मनांनी त्याला पकडले. छत्री कोठे पुरलीस, असे त्याला विचारण्यात आले. छत्री नव्हतीच, हे त्याचे उत्तर अर्थातच कोणाला पटेना. पुढे विमानाच्या अवशेषांत त्याच्या जळक्या छत्रीच्या खुणा सापडल्या, तेव्हा त्याच जर्मनांनी त्याला तसे लेखी प्रमाणपत्र दिले.

ही हकीकत ऐकणारा कोणीही ‘देव तारी त्याला कोण मारी’ असे म्हणेल, आणि त्यात गैर काही नाही. परंतु वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्याने तेथेच थांबू नये. अल्केमेड कसा वाचला हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे बऱ्याच अंशी समाधानकारक उत्तरही देता येते. त्याहून मोलाचा प्रश्न मात्र निराळा आहे. आज छत्री असूनही ती नीट न उघडण्याचे प्रसंग जगात दररोज घडतात आणि त्यांतील बहुतेक सर्व माणसे सुखरूप जमिनीवर उतरतात. ते का?

प्रथम पहिला प्रश्न. उंचावरून पडणारा माणूस सतत वेग वाढवीत जातो, ही समजूत खरी नाही. हवेचा विरोध वेगाबरोबर वाढतो आणि दहा-बारा सेकंदांत तो शरीराच्या वजनाशी बरोबरी करतो. त्यानंतर वेग वाढत नाही. हाच अंत्य वेग. पोटावर आडवा होऊन पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ५४ मीटर असतो. म्हणून २,००० फुटांवरून पडणे आणि १८,००० फुटांवरून पडणे यांत जमिनीवर आदळण्याच्या वेगापुरता फारसा फरक नाही. उंची मारीत नाही. वेगदेखील स्वतः मारीत नाही. मारतो तो त्या वेगाचा शून्य होण्याचा प्रकार.

हिशोब शाळेतलाच आहे. वेगाचा वर्ग थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागला की मंदन मिळते. सेकंदाला ५४ मीटर वेगाने आलेले शरीर पाच सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ३,००० पट बल येते. काँक्रीटच्या फरशीवर साधारण हेच घडते. तेच शरीर एक मीटरमध्ये थांबले तर सुमारे १५० पट आणि तीन मीटरमध्ये थांबले तर सुमारे ५० पट. मंदन सर्वत्र सारखे आहे असे येथे धरले आहे, प्रत्यक्षात ते तसे नसते. तरी मुद्दा स्पष्ट व्हावा. अल्केमेड सूचिपर्णी वृक्षांच्या लवचीक फांद्यांतून मोडत-वाकवत खाली आला आणि शेवटी बर्फाच्या थरात रुतला. त्याला छत्री मिळाली नाही, पण थांबायला काही मीटर मिळाले.

हे सर्व प्रथम पद्धतशीरपणे मांडणारा माणूस डॉक्टर नव्हता, रुग्ण होता. ह्यू डी हेव्हन हा अमेरिकन तरुण १९१७ साली वैमानिकाचे शिक्षण घेत असताना हवेत दोन विमानांची टक्कर होऊन कोसळला. यकृत, स्वादुपिंड, पित्ताशय यांना इजा झाल्या, तरी तो वाचला. आपण का वाचलो, या प्रश्नाने त्याची पाठ आयुष्यभर सोडली नाही. १९४२ साली ‘वॉर मेडिसिन’ या नियतकालिकात त्याने ५० ते १५० फुटांवरून पडून वाचलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण किती फुटांवरून पडला एवढ्यावर तो समाधान मानीत नसे. कशावर पडला, कोणत्या अंगावर पडला, खालची माती किंवा पत्रा किती इंच दबला, हे तो मोजी. बल शरीराच्या लांबीला आडवे आणि अत्यल्प काळ लागले, तर मानवी शरीर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपट बलही सहन करू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. मोटारगाडीतील सुरक्षा-पट्टा व आघात शोषणारा दर्शनी भाग यांच्यामागची विचारसरणी मोठ्या प्रमाणावर या माणसाच्या हिशोबांतून आलेली आहे.

या सिद्धांताचा जणू जाहीर प्रयोगच पुढे दोनदा झाला. २३ मे २०१२ रोजी इंग्लंडात गॅरी कॉनरी हा पंखवस्त्र घातलेला माणूस छत्री न उघडता पुठ्ठ्याच्या हजारो खोक्यांच्या राशीत उतरला आणि चालत बाहेर आला. ३० जुलै २०१६ रोजी कॅलिफोर्नियात ल्यूक एकिन्स याने २५,००० फुटांवरून छत्रीविना उडी घेतली, शंभर फूट लांब व तितक्याच रुंद जाळ्यावर नेम धरला आणि अखेरच्या क्षणी पाठीवर वळून तो जाळ्यात पडला. पाठीवरच का, हे डी हेव्हनचा लेख वाचलेल्यास सांगावे लागत नाही.

परंतु झाडे, बर्फ आणि जाळी यांच्या भरवशावर कोणी विमानातून उडी मारीत नाही. म्हणून आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

हौशी उड्या मारणाऱ्याच्या पाठीवरील पिशवीत एक नव्हे, दोन छत्र्या असतात. मुख्य छत्री तो बहुधा स्वतः घडी घालून भरतो. दुसरी, राखीव छत्री, परवानाधारक तंत्रज्ञच भरतो. अमेरिकेत ती वापरली जावो वा न जावो, दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा भरावी लागते. मुख्य छत्री नीट न उघडण्याचे प्रमाण साधारण हजार उड्यांत एक असे सांगितले जाते. अमेरिकेतील छत्रीधारकांच्या संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ साली सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि दहा मृत्यू झाले, म्हणजे लाख उड्यांमागे ०.२७. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. छत्री दगा देण्याच्या प्रसंगांच्या मानाने मृत्यू इतके थोडे आहेत, की छत्री बिघडणे हा मृत्यूचा निरोप नव्हे, हे उघड होते. शिवाय या मृत्यूंपैकी पुष्कळसे छत्री उत्तम उघडल्यानंतर, जमिनीलगत वेगाने वळण घेताना होणाऱ्या चुकांमुळे घडतात.

बिघाडाचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात छत्री उघडतच नाही : ओढायची मूठ सापडत नाही, किंवा छत्री आपल्या पिशवीतच अडकून डोक्यावर गाठोड्यासारखी लोंबत राहते. हा प्रकार भयंकर दिसतो, पण निर्णयाच्या दृष्टीने सोपा. काहीच उघडले नाही, तर राखीव छत्री ओढायची. दुसरा प्रकार फसवा. छत्री उघडते, पण अर्धवट. एखादी दोरी कापडावरून आडवी जाते, दोऱ्यांना पीळ बसतो, कापड फाटते, किंवा एक बाजू मिटून छत्री भोवऱ्यासारखी गरगर फिरू लागते. काहीतरी उघडलेले असल्यामुळे ते दुरुस्त करण्याचा मोह होतो. अशा वेळी राखीव छत्री तशीच उघडली, तर ती पहिलीत गुंतण्याचा धोका. म्हणून आधी मुख्य छत्री अंगापासून तोडून टाकायची आणि मग राखीव उघडायची. १९७० च्या दशकात बिल बूथ याने एकात एक अडकविलेल्या तीन कड्यांची योजना काढली. तिच्यामुळे एक मूठ ओढताच मुख्य छत्री सुटून जाते. वस्तू हातभर पट्टीवर मावेल एवढी, पण तिने किती प्राण वाचविले असतील त्याला गणती नाही.

येथे वेळेचा हिशोब पाहावा. अंत्य वेगाने पडणारा माणूस हजार फूट साडेपाच सेकंदांत ओलांडतो. छत्री साधारण ३,००० फुटांच्या आसपास उघडावयाची असते. २,५०० फुटांवर बिघाड ध्यानात आला आणि वेग कमी झालेलाच नसला, तर जमीन चौदा सेकंदांवर असते. चौदा सेकंदांत विचारविनिमय होत नाही. म्हणून विचार जमिनीवरच उरकून घेतलेला असतो. शिकाऊ व नवख्या उडीधारकांसाठी २,५०० फूट आणि अनुभवींसाठी १,८०० फूट ही निर्णयाची उंची ठरवून दिलेली आहे. तोवर छत्री चौकोनी, स्थिर आणि हुकमात येणारी नसेल, तर ती तोडायची. ‘अजून एकदा झटका देऊन पाहू’ याला तेथून पुढे जागा नाही. आणि १,००० फुटांच्या खाली आल्यावर मात्र तोडायची नाही, कारण मग दुसरीला उघडायला अवकाश उरत नाही. हा क्रम प्रत्येक उडीपूर्वी हातांनी, खऱ्या मुठींच्या जागा चाचपून, मोठ्याने म्हणून घेतात. नियम बुद्धीला ठाऊक असून भागत नाही, तो हातांना ठाऊक व्हावा लागतो.

बेअर ग्रिल्स हे नाव दूरचित्रवाणीमुळे आपल्याकडील मुलांनाही परिचित आहे. १९९६ साली, ब्रिटिश लष्करात असताना, दक्षिण आफ्रिका खंडात १६,००० फुटांवरून घेतलेल्या उडीत त्यांची छत्री फाटली. ते पाठीवर, छत्रीच्याच गाठोड्यावर आदळले आणि तीन मणके मोडले. मुख्य छत्री तोडून राखीव उघडायला हवी होती, परंतु दुरुस्तीला वेळ आहे असे वाटले, ही कबुली त्यांनी स्वतः दिली आहे. माणूस शिकलेला, धाडसी, राखीव छत्री पाठीवर शाबूत. कमी पडली ती छत्री नव्हे. दीर्घ उपचारांनंतर मे १९९८ मध्ये ते एव्हरेस्टवर पोहोचले, हा त्यांच्या जिद्दीचा आणि थोडा मज्जारज्जूच्या सुदैवाचा भाग.

‘वेळ आहे असे वाटले’ हे शब्द आपल्या व्यवसायातील कोणालाही परके वाटू नयेत. २००५ साली इंग्लंडात एका तरुण स्त्रीला नाकाच्या सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली आणि श्वासमार्ग राखता येईना. अनुभवी तज्ज्ञ भोवती होते. परिचारिकेने ट्रेकिऑस्टोमीचे साहित्य आणून ठेवले होते. तरीही वीसहून अधिक मिनिटे नळी घालण्याचेच प्रयत्न चालू राहिले. काही दिवसांनी ती स्त्री मरण पावली. तिचे पती मार्टिन ब्रोमिली हे व्यवसायाने वैमानिक. त्यांनी कोणाला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, तर आणीबाणीत जाणती माणसे एकाच प्रयत्नाला का चिकटून बसतात हे वैद्यकाने शिकावे म्हणून पुढील आयुष्य वेचले आणि २००७ साली त्यासाठी एक गट स्थापन केला. पुन्हा पुन्हा घातली जाणारी नळी म्हणजे अर्धवट उघडलेली मुख्य छत्रीच. गळ्याला छेद देण्याचा निर्णय राखीव छत्रीसारखा : कोणाच्याही मनात नसतो असे नाही, पण त्याची उंची आधी ठरलेली नसते. प्राणवायूचे प्रमाण अमुक झाले किंवा अमुक प्रयत्न फसले, की थांबायचे, हे भूल देण्यापूर्वी मोठ्याने बोलून ठेवण्याची पद्धत आपल्या किती शस्त्रक्रियागृहांत आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

माणूस गोठतो, हे मान्य करून छत्रीवाल्यांनी आणखी एक पायरी बांधली. जर्मनीतील हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ साली हवेचा दाब मोजणारे एक लहान यंत्र प्रचारात आणले. माणूस सुमारे २२५ मीटर उंचीवर आला आणि तरीही सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने पडत असला, तर ते यंत्र राखीव छत्रीचा फास आपणच कापते. बेशुद्ध पडलेले, गोंधळलेले, उंचीचे भान हरपलेले कित्येक लोक त्यामुळे वाचले. पण त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. अर्धवट उघडलेल्या छत्रीखाली वेग ठरावीक मर्यादेहून कमी राहिला, तर यंत्र गप्प बसते.

दोन्ही छत्र्या निकामी होण्याचे उदाहरणही नोंदलेले आहे आणि तेही डोक्यावरच्या कॅमेऱ्यात. १२ डिसेंबर २००६ रोजी न्यूझीलंडमधील टाउपो सरोवराजवळ मायकेल होम्स या अत्यंत अनुभवी उडीधारकाची मुख्य छत्री पीळ बसून गरगरू लागली. त्याने ती तोडण्याचा प्रयत्न केला, पण ती सुटली नाही. राखीव उघडली ती पहिलीत गुंतली. त्याने कॅमेऱ्याकडे पाहून निरोपाचा हात हलविला, आणि तो ब्लॅकबेरीच्या दाट काटेरी झुडपात जाऊन पडला. एक फुप्फुस मिटले, घोटा मोडला, एवढ्यावर निभावले. वर गुंतलेल्या दोन्ही कापडांनी वेग काही अंशी कमी केला होता आणि उरलेले काम झुडपाने केले. डी हेव्हनच्या वहीत ही नोंद सहज बसली असती.

लष्करी छत्रीधारी सैनिकांची गोष्ट थोडी वेगळी, आणि बेळगावकरांना ती जवळची वाटावी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. याच पलटणीतून निघालेली दुसरी पॅराशूट बटालियन ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइल येथे छत्र्यांनी उतरली, तिने पुंगली पूल ताब्यात घेतला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरणाऱ्या तुकड्यांत ती होती. युद्धातील अशा उड्या फार खालून मारतात, म्हणजे शत्रूला नेम धरायला वेळ मिळत नाही. विमानाला बांधलेल्या पट्ट्यानेच छत्री उघडते. पण बिघाड झाला तर सैनिकालाही वेळ मिळत नाही : आकडे मोजायचे, मान वर करून छत्री पाहायची आणि ती नसेल तर छातीवरची राखीव ओढायची, एवढेच. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश छत्रीधारींना तर राखीव छत्रीच दिलेली नसे. गोल छत्री नीट उघडली तरी सैनिक सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने उतरतो, म्हणजे पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून उडी मारावी तसा. म्हणून त्याला पडायला शिकवितात. पाय जुळवून चवडे टेकवायचे, मग पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठीची कड अशा क्रमाने लोळण घ्यायची. पाय ताठ ठेवून उभे राहणारा सगळे बल टाचेतून सरळ कण्यात पाठवितो. येथेही युक्ती तीच, थांबण्याचे अंतर लांबविण्याची.

आता आपल्या दवाखान्याकडे. विमानातून पडलेला रुग्ण आपल्याकडे येण्याचा संभव थोडा. परंतु माडावरून पडलेला पाडेली, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेला गवंडी, गच्चीवरून पडलेले मूल हे रुग्ण बेळगाव-गोव्याच्या कोणत्याही अपघात विभागाला नवीन नाहीत. आघात तोच, फक्त वेग कमी. पायावर उभा पडलेला रुग्ण टाच दुखते म्हणून येतो आणि टाचेच्या हाडाच्या मोडीवरच लक्ष खिळते. अशा दहा रुग्णांपैकी साधारण एकाचा कमरेचा मणकाही मोडलेला असतो. बहुधा छाती व कंबर यांच्या सांध्यावरचा, बाराव्या छातीच्या व पहिल्या कमरेच्या मणक्याच्या आसपासचा. दुसरी टाच, घोटे, गुडघे, खुबा आणि कटिराची हाडे यांची तपासणीही त्याच वेळी व्हावी. वरून धडधाकट बोलणाऱ्या माणसाच्या पोटामागील पोकळीत लिटरभर रक्त शांतपणे साचू शकते. महारोहिणी जेथे कमानीतून खाली वळते तेथे ती जखडलेली असते आणि हृदय व कमान पुढे झेपावतात. मोठ्या वेगाने थांबलेल्या शरीरात ती नेमकी तेथेच फाटते. ज्याचे बाहेरचे आवरण तग धरते, तो रुग्ण काही तास बरा दिसतो. क्ष-किरण चित्रात छातीचा मध्यभाग रुंद दिसला तर पुढील तपासणीस विलंब लावू नये. अमेरिकेतील २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक नियमांत दहा फुटांहून अधिक उंचीवरून पडणे हे कोणत्याही वयात गंभीर आघाताचे लक्षण मानले आहे. पूर्वी प्रौढांसाठी ही मर्यादा वीस फूट होती. म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडून स्वतः चालत आलेल्या माणसालाही आता ‘काही झाले नाही’ म्हणून घरी पाठविता येत नाही.

आणखी एक स्थिती, जी पुस्तकांत फारशी आढळत नाही. छत्री झाडात अडकून माणूस पट्ट्यांत उभा लटकत राहिला, तर त्याला इजा झालेली नसतानाही तो काही मिनिटांत मूर्च्छित होऊ शकतो. पाय हलत नाहीत, रक्त पायांतच साचते, आणि मूर्च्छा आल्यावरही तो आडवा पडू शकत नसल्याने मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ववत होत नाही. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंग करणारे आणि उंच इमारतींवर पट्टा बांधून रंगकाम करणारे, दोघांनाही हा धोका आहे. शुद्धीत असेल तर त्याला पाय हलवीत राहण्यास, शक्य असल्यास दोरीच्या फासात पाऊल टेकवून भार घेण्यास सांगावे, आणि शक्य तितक्या लवकर खाली घ्यावे. खाली घेतल्यावर त्याला बसते ठेवावे, आडवे केल्यास हृदय बंद पडेल, असा सल्ला एके काळी दिला जात असे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने २००९ साली करविलेल्या आढाव्यात या सल्ल्याला आधार सापडला नाही. त्याला इतर कोणत्याही मूर्च्छिताप्रमाणे सपाट निजवावे, आणि श्वासमार्गापासून तपासणीस आरंभ करावा.